सोंग नाही हे

प्रिय कावळ्या,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील आणि वहिनींना विचारशील की हे न उघडताच फाडू का. वहिनी म्हणतील, आधी वाचा, मग काय ते फाडा. त्यांचं ऐक. फोन केला नाही, कारण मला माझ्या आवाजाचाच वीट आलाय. हे लाडात येऊन लिहीत नाही. आमच्या गॅलरीसमोर, रस्त्याच्या बरोबर पलीकडे, कंपनीने माझा फोटो लावलाय. दोन मजले उंच, हातात माइक, आणि खाली लिहिलंय, ‘विश्वासाचा आवाज’. कुस्तीच्या शोला तीस वर्षं झाली म्हणून ही जाहिरात. सकाळी दात घासायला उभा राहिलो की तो साळसूद माणूस माझ्याकडे बघून हसतो. आठ दिवस पडदा लावून बसलोय. बायको म्हणाली, स्वतःच्या थोबाडाला एवढं घाबरणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. घाबरत नाही रे, किळस येते. पाल अंगावर पडली की होतं ना, तसं.

तुला आठवतं, शो सुरू होऊन पाच वर्षं झाली तेव्हा आपल्याला कामं कशी मिळाली? दोघंही एकाच दिवशी आवाजाची परीक्षा द्यायला आलो होतो. साहेबाने सांगितलं, कुस्ती ठरवलेली असते, कोण जिंकणार ते आधीच कागदावर असतं, पण लोकांना रडवायचं आणि चिडवायचं तर टेबलाशी दोन माणसं हवीत. एक भला, जो नियम सांगेल आणि चांगल्या पैलवानाची बाजू घेईल. दुसरा दुष्ट, जो लबाडाची बाजू घेईल, डोळ्यांदेखत घडलेलं नाकारेल आणि घरी बसलेल्या माणसाला टीव्हीवर चप्पल भिरकावावीशी वाटेल असं बोलेल. मला चष्मा होता, म्हणून मी भला ठरलो, मास्तर झालो. तुला त्या दिवशी सर्दी झाली होती आणि घसा बसला होता, म्हणून तू कावळा. एका सर्दीवर माणसाचं आयुष्य ठरलं. झुरळ मारायचं म्हटलं तरी खोलीबाहेर जाणारा तू, आणि जाहिरातींच्या मधल्या दीड मिनिटात आईला फोन करून तिने गोळी घेतली का ते विचारणारा तू. माइक चालू झाला की मात्र त्याच तोंडाने तू पडलेल्या माणसावर खिदळायचास.

एकोणीस वर्षं तू ते काम किती चोख केलंस हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ‘सोंग!’ हा तुझाच शब्द. चांगला पैलवान कळवळून पडला की तू टेबलावर थाप मारायचास आणि ओरडायचास, सोंग आहे, सोंग! आपल्याकडे कॉमेंट्री हॉलमध्येही भोंग्यांवर लागायची, त्यामुळे सगळा हॉल तुझ्यावर उखडायचा. तू म्हणायचास, दुष्ट कॉमेंटेटरने इतकं उघड खोटं बोलावं की शेंबड्या पोरालाही खरं काय ते कळावं. लोकांनी माझ्यावर थुंकावं म्हणजे त्यांची माया रिंगमधल्या पोराला मिळते, असं तुझं गणित. आणि लोक खरंच थुंकले. भाजीवाल्याने तुला मुद्दाम सडके टोमॅटो दिले, शाळेत तुझ्या लेकीशेजारी कुणी बसेना, आणि त्या हॉटेलातल्या वेटरने तर तुझ्या चहात थुंकून वर तुलाच तसं सांगितलं. तू हसलास. म्हणालास, मास्तर, हीच आपली टाळी.

मला मात्र शाळा बक्षीस समारंभाला बोलवत. रस्त्यात म्हातारी माणसं माझा हात हातात घेत. आणि हा भला माणूस काय करत होता? तुझे विनोद दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या नावावर खपवत होता. साहेबाच्या खोलीत बसून, तुझा आवाज हल्ली फाटतो असं काळजीच्या सुरात सांगत होता. माझे वडील गेले तेव्हा तू तीन दिवस आमच्या घरी राहिलास, आलेल्यांना पाणी दिलंस, माझ्या धाकट्या भावाला झोपवलंस. तुझी आई गेली तेव्हा मी रेकॉर्डिंग आहे म्हणून आलो नाही. रेकॉर्डिंग नव्हतं. मला घरातलं रडणं बघवत नाही, एवढंच. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

आपला एक करार होता, आठवतो? रिंगमध्ये खरोखर काही बिघडलं तर तोंडाने बोलायचं नाही, दुसऱ्याच्या मनगटावर हात ठेवायचा. टेबलाखाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा. तुझीच कल्पना. तू म्हणाला होतास, माझ्या शब्दावर तर कुणीच विश्वास ठेवणार नाही, मास्तर, तेव्हा मी हात ठेवला की तू बोलायचं. एकोणीस वर्षांत चारदा हात ठेवला गेला. तीनदा मी लगेच बोललो, डॉक्टर धावला, निभावलं.

चौथी वेळ भिंगरीची. आपल्या सगळ्या पैलवानांत सगळ्यात हलकं पोर, दोरावरून उडी घेताना हवेत गिरकी मारायचं, म्हणून भिंगरी. रविवारची दुपार, हॉल गच्च भरलेला. त्याचा पाय दोरावरून निसटला आणि तो मानेवर पडला. तू ठरल्याप्रमाणे ओरडलास, सोंग! तो उठला नाही. तू पुन्हा तोंड उघडलंस आणि मिटलंस, कारण तुला त्याच्या पावलांची बोटं दिसली. मलाही दिसली, कावळ्या. आजपर्यंत मी सगळ्यांना सांगत आलो की दोर आड येत होता. दोर आड नव्हता. ती बोटं विचित्र वाकडी पडली होती. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. तुझा हात गार पडला होता. त्याच क्षणी माझ्या कानातल्या यंत्रातून साहेब म्हणाला, मस्त, हॉल पेटलाय, चालू ठेव. आणि मी तुझा हात झटकला.

मग तू करार मोडून स्वतःच माइकवर बोललास. सोंग नाही हे, थांबवा, डॉक्टर, अहो डॉक्टर! सगळा हॉल हसला. इतकी वर्षं तू म्हणशील त्याच्या उलट खरं, हे आपणच त्यांना शिकवलं होतं. डॉक्टर खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. मी काय म्हणालो ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. म्हणालो, मंडळी, या कावळ्याचं ऐकू नका, आपला भिंगरी उठणार म्हणजे उठणार! डॉक्टर परत खाली बसला. तू हेडफोन फेकून टेबल ओलांडायला लागलास, तर लोकांना वाटलं हा लबाडाच्या मदतीला चालला. बाटल्या आल्या. एक तुझ्या भुवईवर बसली आणि रखवालदारांनी तुला धरून ठेवलं. तिकडे समोरच्या पैलवानाने, तो बिचारा हातोडा, ठरल्याप्रमाणे भिंगरीला काखेत धरून उचललं, कारण मास्तर म्हणालेत उठणार. मान पडताना दुखावली होती. उचलताना गेली. हे मोठ्या डॉक्टरांनी नंतर मला एकट्याला सांगितलं आणि मी ते एकट्याने गिळलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ते तू भोगलंस. साहेबाने क्लिप कापली. पडलेला पोरगा आणि तुझं पहिलं ‘सोंग!’, बस्स. तुझं दुसरं वाक्य गायब, माझं तर त्याहून आधी गायब. तोवरचा लोकांचा राग खेळातला होता, आता तो खरा झाला. तुझ्या दारावर काय काय लिहिलं गेलं ते बायकोने पाहिलं होतं, तिने मला सांगितलं. चौकशीला तीन माणसं बसली, गार खोली, मधे बिस्किटांची बशी. त्यांनी मला विचारलं, तो दुसरं काही म्हणाला का? मी म्हणालो, गोंगाट होता, नीट आठवत नाही. आणि एक बिस्कीट घेतलं. खरं सांगतो, त्या दिवसापासून क्रीमचं बिस्कीट समोर आलं की मी बशी दूर सारतो. तू बाहेर बाकावर बसला होतास, भुवईला पट्टी. तुला आत बोलावलं तेव्हा तूही मूग गिळून बसलास. का, ते वहिनींनी पुढे बायकोला सांगितलं. तू म्हणाला होतास, माझं कोण ऐकणार, आणि पहिलं सोंग तर मीच म्हणालो ना.

तू बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करतोस हे मला कळलं तेव्हा मी तिकडे आलो होतो. गेल्या वर्षी, सकाळी दहाच्या सुमाराला. चार नंबरच्या फलाटासमोर बाकावर तासभर बसलो. तू म्हणालास, सव्वादहाची गाडी वीस मिनिटं उशिरा सुटेल, आणि साठ-सत्तर माणसांनी निमूट पिशव्या खाली ठेवल्या. एकानेही वर पाहिलं नाही, एकानेही शंका घेतली नाही. गाडी खरंच वीस मिनिटांनी सुटली. मी तुला न भेटताच निघालो. धीर झाला नाही म्हणू, की लाज वाटली म्हणू? दोन्ही म्हण.

मग हा तिसाव्या वर्षाचा थाट सुरू झाला. नवा दुष्ट कॉमेंटेटर आणलाय, पंचविशीतला, दाढी कोरलेला. त्याला दुष्टपणा म्हणजे फक्त ओरडणं वाटतं. तुझा शब्द त्याने उचललाय, आणि शब्दच नव्हे, तर कंपनीने ‘सोंग!’ छापलेले टी-शर्ट काढलेत. गेल्या सोमवारी मीटिंगमध्ये साहेबाने तसला एक माझ्या अंगावर धरून पाहिला, माप बरोबर आहे का म्हणून. सगळे हसले. त्यांची दात काढलेली हसरी तोंडं बघून मला शिसारी आली, आणि मग लक्षात आलं की सवयीने मीही हसतोय. बाथरूममध्ये जाऊन ओकलो. शब्दशः. तोंड धुतलं, घरी आलो, कपाटात शर्टांच्या खाली हात घातला.

तिथे टेप आहे. न कापलेली. रेकॉर्डिंगवाल्याने त्याच आठवड्यात ती माझ्या हातात दिली होती. म्हणाला होता, मास्तर, तुम्ही भले माणूस, तुम्हीच काय ते करा. भल्या माणसाने सहा वर्षं इस्त्रीचे शर्ट तिच्यावर रचले. मंगळवारी सकाळी मी ती घेऊन भिंगरीकडे गेलो. तो बहिणीकडे राहतो, तळमजल्यावर. चाकाच्या खुर्चीत बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करतो. मान हलत नाही, पण बोटं चालतात. त्याने हसून स्वागत केलं, बहिणीला म्हणाला, बघ कोण आलंय, मास्तर आलेत, चहा टाक. पडताच त्याची शुद्ध हरपली होती, म्हणून सहा वर्षं तो त्या क्लिपवर विश्वास ठेवून होता, तुझ्या ओरडण्याने डॉक्टर बसून राहिला असंच समजून होता. मी टेप लावली. तुझं सोंग झालं, मग तुझं सोंग नाही हे झालं, मग माझा तो गोड, खणखणीत आवाज. त्याने पुन्हा लावायला सांगितली. मग तिसऱ्यांदा. मग आत आवाज दिला, ताई, चहा नको टाकूस. बस्स, एवढंच. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी हलका होऊन घरी आलो असतो, म्हणूनच बहुधा त्याने दिल्या नाहीत. मी उठलो, तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता फक्त तुझा नंबर मागितला.

म्हणून हे पत्र. नंबर मी दिलाय, तुला न विचारता. टेप सोबत पाठवतोय. तिचं काय करायचं, कुणाला ऐकवायची, ते तू ठरव. माझ्याकडे राहिली तर मी तिच्यावर परत शर्ट रचीन, मी स्वतःला चांगला ओळखतो. माफी मागत नाही, कारण माझ्या तोंडून ती फार छान वाटेल. रविवारी दुपारी चारला तुझी पाळी संपते, हे मी भिंगरीला सांगितलंय, तेव्हा तो फोन करेल. ऑपरेशननंतर त्याचा आवाज पार बारीक झालाय, तुला ओळखू येणार नाही. कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटून खाली ठेवू नकोस, कावळ्या. एवढं एक माझं ऐक. सोंग नाही हे.

तुझाच म्हणवून घ्यायची लायकी नसलेला, तरी तुझाच,
मास्तर