चार संशयित सभासद आणि एक कोरडी कुंडी

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांतली सहा अंगं मनापासून, उरलेले दोन गुडघे हल्ली ऐकत नाहीत, ते टेकले असं समजून घे.) इकडे सगळे ठीक. हिची पाठ पूर्वीसारखीच दुखते, म्हणजे मी समोर असलो की जास्त. नातवाचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे तो बोलायला लागला की समोरच्याने रुमाल काढावा. तुझा खोकला गेल्याचं तू परवा फोनवर सांगितलंस, पण तेवढं सांगतानाही मध्ये थांबून खोकलास, तेव्हा डॉक्टरला दाखव. डॉक्टरकडे जायचं ठरलं की तुला आदल्या दिवशीच बरं वाटायला लागतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पत्रास कारण असं की माझ्यावर खोटेपणाचा आळ आला आहे, आणि तोही घरातूनच. आमच्या गच्चीबाग मंडळाचं ‘कुंडी’ हे मासिक तुला ठाऊक आहेच. (दर महिन्याला पाठवतो. तू ते चहाच्या कपाखाली ठेवतोस, हेही ठाऊक आहे.) त्याचा संपादक मी, मुद्रितं तपासणारा मी, पाकिटांवर तिकिटं चिकटवणारा मी आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणाराही बहुधा मीच. मध्यंतरी मंडळातल्या तरुण लोकांनी (तरुण म्हणजे पन्नाशीच्या आतले) इंटरनेटवर एक फोरम काढला. तिथे कुणी पिवळ्या पानाचा फोटो टाकून याला काय झालंय म्हणून विचारायचं, आणि बाकीच्यांनी आपापल्या परीने त्या पानाचं निदान करायचं. नावं सगळी टोपण. फोरमवर देखरेख आपल्या सूनबाईची. ती मोटार चालवायला शिकवते, त्यामुळे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देऊन ब्रेकवर आपला पाय ठेवायची तिला सवय आहे. घरातही तसंच चालतं. आम्हाला वाटतं आम्ही चालवतोय.

तर आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. माझी दाढ कोरता कोरता, माझ्या तोंडात कापूस आणि नळी असताना, त्यांनी विषय काढला की एका मंडळात दोन चुली कशाला? मासिक फोरमला जोडा. इकडचं तिकडे जाऊ द्या, तिकडचं इकडे येऊ द्या. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर वार्षिक सभेत ठराव करू आणि मासिक बंद करू. मी त्यावर कडक शब्दांत विरोध केला. पण त्या अवस्थेत माझ्या तोंडून जे काही बाहेर पडलं, त्याला त्यांनी होकार समजून इतिवृत्तात टाकलं. जोडणी समितीत दोनच माणसं, मी आणि सूनबाई. म्हणजे समितीची बैठक रोज रात्रीच्या जेवणालाच.

तू म्हणशील, बंद पडलं मासिक तर पडू दे, तुझी मान दुखायची तरी थांबेल. मलाही तसं वाटलं असतं रे, पण आमचे चार सभासद आहेत. एक शाळेच्या जुन्या मोठ्या बाई, ज्या कोथिंबीरसुद्धा रांगेत उगवायला लावतात. एक बँडमास्तर, एक शिंपीमामा आणि एक चष्मेवाले. चौघांना जिने झेपत नाहीत आणि चौघांच्याही घरी कॉम्प्युटर नाही. मासिकात आपलं पत्र छापून येतं, पुढच्या महिन्यात त्याला कुणी तरी उत्तर देतं, एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार. बँडमास्तरांनी तर मला एकदा सांगितलं होतं की पोस्टमन दाराशी थांबतो तो फक्त ‘कुंडी’साठी. मासिक बंद पडलं तर या चौघांनी बोलायचं कुणाशी? म्हणून मी पदर खोचला. (धोतराला पदर नसतो, आणि मी धोतरही नेसत नाही, पण भावना समजून घे.)

सुरुवातीलाच हात दाखवून अवलक्षण झालं. फोरमवरच्या गप्पा मासिकात छापायच्या, तर तिथले लोक दर वाक्याआड हसतात. ‘हाहाहा’ छापायला माझा हात धजेना, म्हणून मी सगळीकडे कंसात ‘हशा’ असं घातलं. ती पिवळी तोंडं असतात ना, त्यांच्या जागी ‘(येथे लेखिकेच्या डोळ्यांत पाणी आले आहे)’ असं शुद्ध भाषेत लिहिलं. ती बाई मला दुकानात भेटली तेव्हा म्हणाली की तिला रडू आलेलं नव्हतं, तिला हसू आवरत नव्हतं. त्याहून मोठा घोळ झाला तो खताच्या भांडणाचा. फोरमवर दोन गृहस्थ शेणखत चांगलं की गांडूळखत यावरून हातघाईवर आले होते. मी ते भांडण रंगतदार म्हणून छापलं. पण आमचं मासिक छापखान्यातून यायला लागतो वेळ. तोवर दोघांचं गोड झालेलं, एकमेकांकडे रोपं पाठवून झालेली. अंक हातात पडला, दोघांनी आपण काय काय बोललो होतो ते पुन्हा वाचलं, आणि रोपं परत गेली. उलट दिशेने तर बोलायलाच नको. मी मासिकातला माझा माठाच्या भाजीवरचा अग्रलेख फोरमवर चढवला, तर पहिलंच उत्तर आलं, ‘थोडक्यात सांगा.’ मी थोडक्यात सांगितलं. तर दुसरं आलं, ‘एवढंच होतं का?’

पण एक गोष्ट फार छान जमली. आपल्या चौघांची पत्रं येत, ती मी घरच्या कॉम्प्युटरवर बसून फोरमवर टाकू लागलो, प्रत्येकाच्या टोपणनावाने. फोरमवरची उत्तरं छापून काढायची आणि पोस्टाने त्यांना पाठवायची. जन्मभर कचेरीत टाइपिंग केलेली बोटं, त्यांना काय अवघड? याच सुमारास एक पाचवे गृहस्थही आमच्याकडून फोरमवर दाखल झाले. त्यांनी टोपणनाव घेतलं ‘कोरडी कुंडी’. यांच्याकडे काहीही जगत नाही. फोरमवर जो तो आपल्या टोमॅटोचे फोटो टाकणार, आणि हे लिहिणार: ‘पुदिना गेला. पुदिना मरत नाही म्हणतात. मी मारून दाखवला.’ किंवा, ‘पाणी घालायला विसरलो म्हणून जास्वंद गेलं. मग आठवणीने घातलं म्हणून मोगरा गेला.’ लोक वेडे झाले रे. ज्यांनी वर्षानुवर्षं आपली मेलेली रोपं कोपऱ्यात लपवून ठेवली होती, ते सगळे पुढे आले आणि मोकळेपणाने सांगू लागले. फोरमवरचं हसणं मासिकात, मासिकातल्या आठवणी फोरमवर. जोडणी जोडणी म्हणतात ती हीच, असं मी अध्यक्षांना अभिमानाने सांगितलंसुद्धा.

आणि तिथेच माशी शिंकली. कुणी तरी तक्रार केली की हे पाचही सभासद एकाच कॉम्प्युटरवरून लिहितात, सकाळच्या चहानंतर लागोपाठ लिहितात, आणि पाचांपैकी चौघे दर परिच्छेदात ‘तथापि’ म्हणतात. आता तथापि हा शब्द माझा आहे, हे मी नाकारत नाही. लोकांची पत्रं येतात ती कशी येतात, तुला काय सांगू. वाक्य एकीकडे, क्रियापद दुसरीकडे. मी संपादक आहे. मी जरा हात फिरवतो. (थोडा जास्तच फिरत असेल.) शिंपीमामा लिहितात, ‘मिरची काही धड नाही.’ मी त्याचं केलं, ‘मिरचीची प्रकृती तथापि समाधानकारक नाही.’ यात खोटं काय आहे?

सूनबाईने जेवताना निकाल दिला. फोरमच्या नियमाप्रमाणे चौघांची खाती बंद. वार्षिक सभेला त्यांनी जातीने हजर राहून आपण आहोत हे दाखवावं, नाही तर जोडणी फसली असं धरून मासिकाचा ठराव मतदानाला टाकला जाईल. मी विचारलं, मग पाचव्याचं काय? त्यावर ती जे बोलली ते मी विसरणार नाही. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, “बाबा, ते चौघं एकाच माणसाने बनवलेत, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. पण कोरडी कुंडी खरी आहे. असा माणूस कुणाला बनवता येत नाही.” मला ठसका लागला. हिने पाणी दिलं.

मग मी चौघांच्या घरी गेलो. म्हटलं, चला, आपला अपमान झालाय, सभेला येऊन दाखवून द्या. पुरावा म्हणून त्यांच्या नावाने फोरमवर गेलेलं सगळं छापून नेलं होतं. तिथेच चुकलो. मोठ्या बाईंनी चष्मा लावून आपला मजकूर वाचला, लाल पेन मागवलं, आणि हे मी लिहिलेलंच नाही असं सांगून मला माझ्या वयात शून्य गुण दिले. शिंपीमामा म्हणाले की कापड त्यांचं आहे पण माप दुसऱ्याच कुणाचं तरी घेतलंय. बँडमास्तरांनी कागदाची नीट घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवली, ते जास्त लागलं. म्हणजे आळ घेणाऱ्यांचं बरोबर आणि माझं चूक, असा कौल माझ्याच साक्षीदारांनी दिला. शेवटी यापुढे एक अक्षरही बदलणार नाही असं मी चौघांपुढे कबूल केलं, तेव्हा कुठे ते यायला तयार झाले. चष्मेवाल्यांचा मुलगा गाडी काढणार आहे. चौघे येणार म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

असो. पत्र लांबलं. वहिनींचा फोटो पुसतोस ना? बाकी सर्व कुशल, तुझं कुशल तुझ्याच हातचं वाचायला मिळावं.

तुझा आज्ञेत असल्यासारखा धाकटा

ता.क. सभा येत्या रविवारी आहे. तू शनिवारी ये.

ता.क. दुसरा. कोरडी कुंडीलाही सभेत बोलावलं आहे. नुसतं बोलावलं नाही, त्यांच्या हस्ते वार्षिक अंकाचं प्रकाशन आहे. आणि कोरडी कुंडी म्हणजे तू आहेस. दादा, रागावू नकोस. मासिकातला एक प्रश्न मी फोरमवरही टाकला होता, ‘तुमची सर्वांत यशस्वी लागवड कोणती?’ फोरमवर कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याच रविवारी तू फोनवर पुदिन्याचं सांगितलंस. मी सहज टाकून दिलं, आणि उत्तरांची रांग लागली. मग दर रविवारी तू बोलत गेलास आणि मी लिहीत गेलो. तुझं एक अक्षर मी बदललेलं नाही. तुझ्यापुढे माझं कधी काही चाललंय का? तू म्हणाला होतास, ‘रोप गेलं तरी कुंडी मी हलवत नाही. सकाळी उठून बघायला काही तरी जागेवर पाहिजे.’ ते वाचून लोकांनी काय काय लिहिलंय, ते इथे येऊन तूच वाच. वहिनी गेल्यापासून तू इकडे आला नाहीस. मी बोलावलं की तुला काही तरी काम निघतं. आता मात्र काम इथेच आहे. तू नाही आलास तर पाचवा माणूस खोटा ठरेल, त्याच्यापायी ते चौघेही खोटे ठरतील आणि मासिक बुडेल. झाडांची नावं पाठ करून येऊ नकोस, लोकांना संशय येईल.

ता.क. तिसरा. हे सगळं फोनवर न सांगता कॉम्प्युटरवर पत्र लिहून छापलं, कारण सूनबाईला यातलं काही कळता कामा नये. वाचलंस की फाडून टाक.

ता.क. चौथा (पेनने लिहिलेला, कारण हा माझा आहे). मोठे काका, नमस्कार. सूनबाई. प्रिंटर माझ्या खोलीत आहे, हे बाबा दर वेळी विसरतात, आणि छापलेली पानं पुन्हा न बघताच पाकिटात घालतात. तुमचा फोन आला की ते स्पीकर लावून बोलतात, त्यामुळे पुदिना गेल्याचं मला त्यांच्याबरोबरच कळलं होतं. सभेत काय होईल त्याची चिंता करू नका. मासिकाच्या बाजूची मतं मी केव्हाच जमवली आहेत, ठराव पडणार. पण बाबांना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर हे पत्र त्यांनी पेटीत टाकलं नसतं, आणि तुम्हाला बोलवायला त्यांना दुसरं कारण सापडलं नसतं. तुमची खोली झाडून ठेवली आहे. गॅलरीत कुंड्या आहेत, त्यांना पाणी घालू नका.