गार नळी

शुक्रवार, ९ तारीख
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं

प्रिय ताई,

नमस्कार. वर तारखेसोबत वेळही लिहिली आहे, बघितलीस ना? नाहीतर पत्र अपुरं आहे म्हणून परत पाठवशील. आईच्या डोळ्याची पट्टी आज निघाली असेल. पट्टी निघाल्या निघाल्या तिला घरातली धूळ दिसली असणार आणि तू आता फडकं घेऊन फिरत असशील. थेंब चार चार तासांनी घालायचे आहेत, हे तुला सांगण्यात अर्थ नाही. तू वहीत रकाने आखले असतील.

मी बरी आहे. वॉर्डातला एसी पुन्हा बंद पडलाय. औषधांच्या फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं, ते दुरुस्त झालं. फ्रिजवर नवीन कागद चिकटवलाय, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुला हवी ती बातमी. तीन नंबरच्या खाटेवरची मुलगी चांगली आहे. काल रात्रीपासून नाकातल्या नळीतून रक्त आलेलं नाही. आज सकाळी हिमोग्लोबिन आठ होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बस्स. आता याच्या वर ढकलायचं नाही, उगीच दाब वाढला तर शीर पुन्हा फुटेल." दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या शिरेला बांधलेली रबरी कडी नीट बसली आहेत. सकाळी तिने दोन घोट गार दूध घेतलं आणि मला विचारलं, "मला घरी कधी सोडणार? माझ्या खुर्चीवर भाऊ बसत असेल." सहा वर्षांची, सोळा किलोची पोर, आणि काळजी कसली तर खुर्चीची. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

तू हे पत्र सोमवारी तुझ्या टेबलावर वाचशील. नमुन्यांच्या डब्यातून खाली रक्तपेढीत पाठवतेय, म्हणजे तुझ्या खिडकीतूनच आत येईल. फोन करता आला असता. पण फोनवर मी एकतर भांडते, नाहीतर रडते, आणि दोन्ही वेळा तू "बरं" म्हणून ठेवून देतेस. नऊ महिने आपण एकमेकींना "सिस्टर" आणि "मॅडम" म्हणतोय. दर रविवारी आईकडे तू सकाळी जातेस आणि मी संध्याकाळी. आई म्हणते, माझ्या पोरींनी पाळ्या लावून घेतल्यात.

नऊ महिन्यांपूर्वीचं मी विसरलेले नाही. ते बाळ चार महिन्यांचं होतं. चार ठिकाणी टोचून जेमतेम एक मिली रक्त मिळालं आणि चिठ्ठीवर वेळ लिहायची राहिली म्हणून तू नमुना परत पाठवलास. मी पुन्हा टोचलं. त्याची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या बैठकीत मी म्हणाले, "खाली तळघरात बसणाऱ्यांना पोराचा चेहरा दिसत नाही, फक्त चिठ्ठी दिसते." वर तुला 'तळघरातली हेडमास्तरीण' हे नावही मीच ठेवलं. तू रजिस्टर उचलून खाली गेलीस. मला वाटलं, मी जिंकले.

आता गेल्या सोमवारचं सांगते. तुझ्या बाजूचं तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळी दोन मुली पाठोपाठ दाखल झाल्या, तीन नंबरला ही आणि चार नंबरला दुसरी. सव्वानऊला मी दोघींचं रक्त काढलं. नियम तुझाच आहे, म्हणजे तूच भांडून आणलेला: नवीन पेशंटचे दोन नमुने, दोन वेगळ्या वेळी, दोनदा टोचून, आणि दोन्हींचा गट जुळला तरच त्या गटाची बॅग. पहिल्या वेळी काही घोळ झाला असेल तर दुसऱ्या वेळी सापडावा म्हणून. हे मला पाठ आहे. नवीन आलेल्या सिस्टरांना मीच शिकवते.

ताई, मी दुसऱ्यांदा टोचत नाही.

त्या बाळानंतर माझा हातच उचलला जात नाही. एकदाच टोचायचं, दोन नळ्या भरायच्या. एक लगेच खाली पाठवायची, दुसरी औषधांच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात उभी करून ठेवायची. तासाभराने तिच्यावर नवी वेळ घालून पाठवायची. पोर एकदाच रडतं आणि तुमच्याकडे दोन नमुने पोचतात. मला तर हे फार शहाणपणाचं वाटायचं. मनातल्या मनात मी तुला हरवलं होतं.

सोमवारी एका ट्रेमध्ये चार नळ्या होत्या, दोघींच्या दोन-दोन. पलंगापाशी उभं राहून चिठ्ठ्या लावायच्या, तर पाच नंबरचा मॉनिटर ओरडायला लागला. मी ट्रे घेऊन तिकडे गेले, तिथली वायर नीट केली, आणि मग काउंटरवर बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. तिथेच दोघींच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार. कशी ते मला अजूनही आठवत नाही. आठवत नाही हेच मला जास्त लागलंय.

पावणेअकराला तीन नंबरने रक्ताची उलटी केली. चादर, उशी, माझा पदर, सगळं लाल. मोठे डॉक्टर धावत आले. "रक्त मागवा. सोळा किलो आहे, आधी एकशे साठ मिली, गरम करून. प्लेटलेटही सांगून ठेवा." मी फ्रिजमधली दुसरी नळी काढली, तिच्यावर १०:४५ घातलं, सही केली आणि खाली पाठवली. दुसरा विचारही आला नाही. सवय झाली होती ना.

आणि मग तुझा फोन. शब्द न् शब्द लक्षात आहे.

"सिस्टर, ही नळी आत्ता काढलीत?"

"हो मॅडम. लवकर करा, पोर रक्त ओकतेय."

"नळी गार आहे."

मी फ्रिजकडे बघितलं.

"आत्ताच अंगातून काढलेलं रक्त माझ्या हाताला गार लागतंय. सकाळच्या नळीत गट ए आलाय, पण ए ची बॅग मी देणार नाही. ओ निगेटिव्हची एक देते, ती कुणालाही चालते, ती आधी लावा. आणि तुम्ही पलंगापाशी जा, तिच्या हातावरच्या पट्टीचं नाव मोठ्याने वाचा, रक्त काढा आणि तिथंच उभं राहून चिठ्ठी लिहा."

डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. काय काय म्हणाले ते तू ऐकलंसच, मी पुन्हा लिहीत नाही. तू त्यांनाही तेवढंच म्हणालीस, "ए देणार नाही." माणूस किती वेळा तेच वाक्य त्याच आवाजात म्हणू शकतो, हे लहानपणी गॅस बंद केला का म्हणून तू मला तीन-तीनदा विचारायचीस तेव्हापासून मला माहीत आहे.

मी पलंगापाशी गेले. नाव वाचलं. तिचे ओठ कागदासारखे झाले होते. मला सुई घेताना बघून ती म्हणाली, "या हाताला नको, हा दमलाय," आणि दुसरा हात स्वतःच पुढे केला. ज्या टोचण्यापासून मी तिला वाचवत होते, ते तिने मलाच सोपं करून दिलं.

थोड्या वेळाने तू फोनवर म्हणालीस, "ओ." आणि लगेच, "चार नंबरच्या मुलीचाही नवा नमुना पाठवा."  तोवर तिचा विचार वर कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. तळघरात बसून तुझ्या डोक्यात आला.

ओ गटाच्या पोरीला ए ची बॅग. पहिल्या दहा मिनिटांत काय झालं असतं, ते आपण दोघींनी शिकताना एकाच पुस्तकात वाचलंय. ते पान तू मला परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करायला लावलं होतंस. मी त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. झालं नाही, तुझ्यामुळे झालं नाही, एवढंच लिहिते.

त्या दुपारी मुलीच्या आईने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "सिस्टर, तुमचा हात फार हलका आहे. आल्यापासून माझ्या पोरीला तुम्ही उगाच एकदाही टोचलं नाहीत." मी "आराम करा" म्हणाले आणि लिनन रूममध्ये जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसून राहिले.

मंगळवारी डॉक्टरांनी लेखी तक्रार दिली, रक्तपेढीने बारा मिनिटं वाया घालवली म्हणून. तू तुझ्या रजिस्टरात एवढंच लिहिलं होतंस: नळी गार, नमुना नाकारला, नव्या नमुन्याचा गट वेगळा. बैठकीत हॉस्पिटलच्या प्रमुखांनी तुला विचारलं, "नळी कोणी पाठवली होती?" तू म्हणालीस, "सही आहे तिच्यावर. ज्याची आहे त्याला वाचता येते. शुक्रवारपर्यंत थांबा."

मी दाराशी उभी होते. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

ताई, सातवीत मी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकली होती, ती तू लगेच ओळखलीस. बाबांना सांगितलं नाहीस. मला म्हणालीस, "संध्याकाळपर्यंत तू सांग." मंगळवारी मला तीच संध्याकाळ आठवली. तेव्हा मी सहा वाजेपर्यंत ताणलं होतं. या वेळी गुरुवारपर्यंत ताणलं. तीन दिवस तुझ्या नावाने वर बोललं जात होतं आणि मी ऐकत होते. या तीन दिवसांची मला लाज वाटते. नळीपेक्षाही जास्त वाटते.

काल सकाळी मेट्रनकडे जाऊन सगळं लिहून दिलं. फ्रिज, कप्पा, खोटी वेळ, काउंटर. आणि जे मला विचारलंच गेलं नसतं, तेही लिहिलं: ही पहिली वेळ नव्हती. नऊ महिन्यांत, या दोघी सोडून, अकरा मुलं. नावं मला पाठ होती, ती लिहिताना मात्र पेन अडलं.

काल दिवसभर तुमच्या तळघरातल्या माणसांनी त्या अकरा जणांचे गट पुन्हा तपासले. जी घरी गेली होती त्यांनाही बोलावून घेतलं. प्रत्येकाला पुन्हा टोचलं, आणि ते मीच टोचलं, पलंगापाशी, नाव मोठ्याने वाचून. आज दुपारी अडीचला शेवटचा निकाल आला. अकराही बरोबर निघाले. मी खुर्चीत बसले ती दहा मिनिटं उठलेच नाही. चार नंबरची मुलगीही ठीक आहे, तिला रक्त लागलंच नाही, उद्या ती घरी जाते.

आज बाराच्या बैठकीला तू हवी होतीस, पण तू कालपासून आईसाठी रजेवर. म्हणून सांगते. मी उभी राहून सगळं वाचून दाखवलं.  मोठ्या डॉक्टरांनी फाइलमधला तक्रारीचा कागद काढला. मग म्हणाले, "ती बारा मिनिटं मी वाया गेली म्हटलं होतं. तक्रार मागे घेतो. खाली जाऊन सांगतो." मी म्हणाले, मॅडम सोमवारी येतील. ते म्हणाले, "मग सोमवारी जातो." तेव्हा सोमवारी टेबल आवरून ठेव, ते खरंच येणार आहेत.

नऊ महिन्यांपूर्वी मी त्याच खोलीत जे बोलले, तेही मागे घेतलं. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच घेतलं. म्हणाले, चेहरा मला दिसत होता, आणि चेहऱ्याकडे बघत बघत मी चुकीची चिठ्ठी लावली. चिठ्ठीकडे बघणारीने पोर वाचवली.

फ्रिजवर आता कागद आहे: "रक्ताचे नमुने इथे ठेवू नयेत." अक्षर माझंच आहे. प्रमुखांनी मुद्दाम मला लिहायला लावलं.

आता शिक्षा. नोकरी राहिली. दोन महिने मी कुणाचंही रक्त काढायचं नाही. त्यातला पहिला महिना रक्तपेढीत बसून काम शिकायचं, नमुने घेण्याच्या खिडकीवर. म्हणजे तुझ्या हाताखाली. मेट्रन मला विचारत होत्या, चालेल ना? मी म्हटलं, हिच्या हाताखाली मी चाळीस वर्षं काढलीत, महिन्याने काय होतंय.

खरं सांगू? आठवडाभराने पहिल्यांदा आज मला भूक लागली.

सोमवारी आठला खाली येते. माझ्यात काही अपुरं वाटलं तर दारातून परत पाठव. फक्त कारण सांग, मी पूर्ण करून पुन्हा येईन. आणि त्यानंतरच्या रविवारी मी आईकडे सकाळीच येणार आहे, तुझ्या पाळीत. डोळ्यात थेंब तूच घाल, मी वहीत वेळ लिहीन.

पत्र सुरू केलं तेव्हा तीन वाजून दहा झाले होते. आता पाच वाजायला सात मिनिटं आहेत. दोन्ही वेळा घड्याळात बघून लिहिल्या आहेत.

जिची सही तू ओळखलीस आणि जिला वाचायला वेळ दिलास, ती
तुझी धाकटी