आई बघत नसताना

रविवार, १२ तारीख, दुपार

प्रिय ताई,

कशी आहेस? चिमणीचा खोकला थांबला का? आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण तुझं नाव निघालं की आई भिंतीला कान लावते.

माझ्या लग्नाची तयारी जोरात आहे. हॉल ठरला, कपडे शिवायला गेले. आई येईल-जाईल त्याच्यापुढे जावयाचे गोडवे गाते. तिची परीक्षा तुला ठाऊकच आहे. होणाऱ्या जावयाला सुपरमार्केटमध्ये सामान आणायला न्यायचं आणि सामान गाडीत भरल्यावर तो रिकामी ट्रॉली जागेवर ठेवतो का ते बघायचं. भावोजी तिथेच नापास झाले, आणि तरीही तू त्यांच्याशी लग्न केलंस म्हणून तिने अबोला धरला. माझ्या ह्या होणाऱ्या नवऱ्याने मात्र स्वतःची ठेवलीच, शेजारच्या आजींचीही नेऊन ठेवली. आईला स्वर्ग दोन बोटं उरला.

मध्येच उठून चहा केला, तो तसाच गार झाला. लिहू की नको?

लिहितेच. गुरुवारी मी त्याच सुपरमार्केटसमोरच्या मेडिकलमधून औषधं घेत होते. पार्किंगमध्ये हा दिसला, एकटाच. सामान भरलं आणि ट्रॉली दिली ढकलून. ती व्हीलचेअरच्या चढावर आडवी झाली. एक बाई नवऱ्याला व्हीलचेअरवरून घेऊन येत होती, ती अडकली. काहीतरी बोलली असावी, कारण ह्याने गाडीच्या काचेतून हात झटकला आणि निघून गेला. मग मीच जाऊन ट्रॉली बाजूला केली.

संध्याकाळी त्याला विचारलं. वाटलं, घाईत होतो म्हणेल, ओशाळेल. तो हसला. म्हणाला, "अगं, तुझी आई कुठे होती तिथे बघायला?"

ट्रॉलीवरून लग्न मोडलं तर लोक वेड्यात काढतील मला. पण ताई, आजवर मीही त्याला चार माणसांतच पाहिलंय. दार लावल्यावर तो कसा असेल?

भावोजींनी आईच्या डोळ्यांदेखत ट्रॉली खांबाला टेकवली, आणि तिने हटकल्यावर "विसरलो, काकू" म्हणून मोकळे झाले. धांदरट खरे, पण तिच्यासमोर जसे, तसेच तिच्यामागे. तुझा हेवा वाटतो गं.

अंगठी काढून ठेवली आहे. आज आईला सांगणार. घर डोक्यावर घेईल ती. पत्र पोचलं की बाहेरच्या खोलीत गादी टाकून ठेव, पाठोपाठ मी येतेच आहे.

अजून कुणाचीच न झालेली,
तुझी धाकटी