बर्फावरचा नमस्कार

गुरुजी, आज गुरुपौर्णिमा. सकाळी देव्हाऱ्याशेजारच्या तुमच्या फोटोला हार घातला आणि संध्याकाळी दोनदा खोटं बोललो. तेच सांगायला बसलोय.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. इथे दुबईत बाहेर अंग भाजत असताना ती मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर आइस हॉकी खेळते. पायात पात्यांचे बूट, तोंडावर जाळीचं हेल्मेट, हातात लांब काठी. अल कुसैसच्या आमच्या घरून आठवड्यातून तीनदा मी तिला नेतो आणि स्वेटर घालून काचेपलीकडे बसून राहतो. तिचा कोच कॅनडाचा आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. दिवसा ऑफिस करतो, संध्याकाळी पोरांना फुकट शिकवतो. मी "फोन ठेव, जेव" म्हटलं की "इन अ मिनिट, बाबा". त्याची शिट्टी वाजली की हीच मुलगी धावत जाऊन त्याच्यापुढे एका गुडघ्यावर बसते. मागे एकदा ती जोरात आपटली. मी दारापर्यंत गेलो, तर ती रडत त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "गुड! नाऊ यू नो हाऊ टू फॉल." आणि ती हसली. राग नाही येत मला त्याचा. हेवा वाटतो.

तुम्हीही पहाटे शाळेमागे आमच्याकडून खो-खो घटवून घ्यायचात, कुणी सांगितलेलं नसताना. खो मिळायच्या आधीच मी उठायचो आणि तुम्ही ओरडायचात, "अरे, बुडाला विंचू चावला का?" माझे वडील लांब बांधावर उभे राहून बघायचे. ते जवळ का येत नसत, हे मला आता कळतं. नोकरीसाठी गाव सोडलं तेव्हा तुम्ही स्टँडवर आलात. मित्रांसमोर वाकायची मला लाज वाटली, नुसता हात हलवला. वर्षभरात तुम्ही गेलात.

आज मुलीने नैवेद्याचा शिरा डब्यात भरून घेतला. वाटलं, खेळून भूक लागते म्हणून. सराव संपल्यावर ती कोचसमोर गेली, हातमोजे काढले आणि त्या सगळ्या जाडजूड पॅडांसकट वाकून त्याच्या बुटांना हात लावला. मी हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं आपल्या बुटाची नाडी सुटली, म्हणून तोही वाकला. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं, पोरं खिदळली. ती लाजून डबा त्याच्या हातात कोंबून कपडे बदलायला पळाली.

तो माझ्याकडे आला. "सर, व्हॉट वॉज दॅट?"

या पोरांकडून त्याला दुसरं काय मिळतं, गुरुजी? एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "नथिंग. युअर लेस."

"अँड धिस?"

"स्वीट. घर में एक्स्ट्रा था." घाईत हिंदी आलं. त्याने तिथेच उभ्या उभ्या शिरा खाल्ला, छान आहे म्हणाला, आणि गेला.

गाडीत मुलीने विचारलं, "बाबा, डिड यू टेल हिम व्हाय?"

"सांगितलं."

"व्हॉट डिड ही से?"

"खूश झाला." मग ती घरापर्यंत खिडकीबाहेर बघत हसत होती.

तुम्ही हयात असतात तर हे पत्र टाकायची माझी हिंमत झाली नसती. आत्ता इथे 'गुरुवारच्या सरावाला त्याला खरं सांगेन' असं लिहिलं होतं. ते खोडलं. मन अजून तयार नाही.