सापाच्या पेटीचे झाकण

मी, नीळकंठ दत्तात्रय देऊळकर, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, कुलदेवतेस स्मरून लिहून ठेवतो की, माझी दृष्टी मंदावली असली तरी बुद्धी जागी आहे. हे लिहिताना कोणी माझा हात धरलेला नाही, कोणी कानाशी लागलेले नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते मी याद्वारे रद्द करीत आहे, कारण त्यात एक असत्य होते. ते कोणते, हे कलम सहामध्ये येईल. तेथवर जाण्याचे धैर्य मला मिळो.

कलम १. अमडापूर येथील राहते घर, मागील आड व पारिजातकाच्या झाडासह, माझी सून श्रीमती सारिका आल्हाद देऊळकर हिला पूर्ण मालकीने मिळावे. तिने येथेच राहावे अशी अट नाही. या उंबरठ्याने तिला जे दिले ते पाहता, तो ओलांडून कायमचे जावे असे तिला वाटल्यास त्यात माझा आत्मा आड येणार नाही.

कलम २. बँकेतील ठेव नात कु. स्वरदा हिच्या शिक्षणासाठी आहे. माझ्या तेराव्याला पंगत घालून ती कमी करू नये.

कलम ३. पोथ्या ज्यास वाचता येतील त्यास द्याव्यात. ज्यास केवळ पुजायच्या आहेत त्यास देऊ नयेत. मोठी पितळी समई माझे चुलतबंधू वामनराव यांनी मुलीच्या लग्नासाठी 'दोन दिवसांकरिता' नेली, त्यास एकवीस वर्षे झाली. ती मी त्यांनाच देतो, म्हणजे माझ्या पश्चात तरी ती त्यांच्या घरी चोरीची राहणार नाही.

कलम ४. आता पेटीविषयी.

देवघरावरील माळ्यावर, कुलुपात, साप वाहून नेण्याची एक सागवानी पेटी आहे. नाग पंचमीस पुजायचा आणि उरलेल्या दिवशी काठीने ठेचायचा, हे मला तरुणपणापासून पटले नाही. म्हणून मी साप धरून, वनखात्यास कळवून, रानात सोडू लागलो. पुढे माझा पुत्र आल्हाद माझ्याहून कुशल झाला. परंतु साप धरणे हे अर्धेच काम. धरलेला साप कशात न्यावा, हा खरा प्रश्न. प्रथम आम्ही कापडी पिशवी वापरली. तिच्यातून दात बाहेर येतात, हे एका घोणसाने मला धोतराच्या सोग्यावर दाखवून दिले. मग प्लास्टिकची बरणी घेतली. वैशाखात एक धामण रानापर्यंत पोहोचण्याआधीच तीत गुदमरून मेली, आणि मी घरी येऊन स्नान केले.

तेव्हा गावातील सुतार हिंमतराव सखाराम पिंपळे यांस बोलाविले. त्यांनी सारे सांगितले ते योग्य सांगितले: साग हवा, आतून रंधा मारून गुळगुळीत, म्हणजे खवले सोलणार नाहीत, लांबी दोन फूट, त्याहून अधिक नको, कारण जागा मोठी झाली की साप उसळतो, छिद्रे शिसपेन्सिलीएवढी आणि आतून बारीक जाळी. झाकणाबाबत मात्र आमचा मतभेद झाला.

"सरकतं झाकण करतो, गुरुजी. खाचेत बसते. कडी धोका देते, खाच देत नाही."

मी म्हणालो, "माझ्या पोथीच्या पेटीस बिजागरी व कडी आहे. शंभर वर्षांत ती आपोआप उघडली नाही."

"पोथी आतून धक्के मारत नाही नं."

आल्हाद मोठ्याने हसला. मी हसलो नाही. झाकण बिजागरीचे झाले, एका कडीवर अवलंबून.

कलम ५. शके १९३३, म्हणजे सन २०११ ची नागपंचमी. पावसाने लाकूड फुगले होते व कडीचे स्क्रू ढिले झाले होते. आल्हादने आदल्या दिवशी निरोप दिल्यावरून हिंमतराव सकाळी गिरमिट व नवे स्क्रू घेऊन दारात आले. मी सोवळ्यात होतो. पाटावर गंधाने नऊ नाग काढून झाले होते. मी दारातच हात आडवा केला.

"आज कापणे, खणणे, भोसकणे वर्ज्य आहे. लाकडात लोखंड जाणार नाही."

"दोन आटे देतो फक्त, गुरुजी. हातोडी लावतच नाही."

"उद्या या."

"अन् आजच कोनाचं बोलावणं आलं तं?"

यावर आल्हाद म्हणाला, "काका, बाबांचे नियम नागालाही पाठ असतात. आज तो बिळातून निघायचा नाही." हिंमतराव हसले नाहीत. गिरमिट पिशवीत घालून ते परत गेले.

मी पूजेतील सुताचा दोरा सात पदरी वळून कडीभोवती स्वहस्ते बांधला व तो पवित्र आहे असे मनात म्हटले.

दुपारी शेजारच्या मळ्यातील रुखमाबाई इंगळे धावत आल्या. चुलीवर दिंडे वाफत होती आणि भांड्यांच्या मांडणीखाली नाग होता. आल्हादने तो धरला, पेटीत घातला, दोऱ्याला पुन्हा दोन गाठी मारल्या, पेटी पट्ट्याने खांद्याला अडकवली आणि रानाच्या वाटेने निघाला. वाटेत पावसाने ओला झालेला दोरा सैलावला. आतून धक्का बसला, झाकण चार बोटे उचलले गेले, आणि दंश कमरेवर झाला. नाग गवतात निघून गेला. रुग्णालयाचे दार दिसू लागले तेव्हा आल्हादचा श्वास थांबला होता. तो तेहतीस वर्षांचा होता. स्वरदा सात वर्षांची होती.

आपद्धर्म हा शब्द मी तीस वर्षे फळ्यावर लिहिला. संकटकाळी नियम शिथिल करणे हाही शास्त्राचाच नियम आहे, असे मुलांकडून घोकून घेतले. तो माझ्या दारात गिरमिट घेऊन उभा राहिला तेव्हा मला ओळखता आला नाही.

कलम ६. तेराव्या दिवशी, भरल्या ओसरीत, कोणीतरी विचारले, "पेटी उघडली कशी?" मी म्हणालो, "सुताराची कडी निसटली." हे अक्षरशः खरे होते, आणि याहून मोठे असत्य मी आयुष्यात बोललो नाही. हेच मी पूर्वीच्या मृत्युपत्रात 'हिंमतरावांच्या हलगर्जीपणामुळे' या शब्दांत लिहिले. त्यानंतर देवळाचे दार करण्याचे काम डोणगावच्या सुतारास गेले. लोक पाळणे दुसरीकडून करून आणू लागले. सारिकेने हिंमतरावांस नमस्कार करणे सोडले. ते दारात आले होते हे मला व आल्हादलाच ठाऊक होते, आणि त्यांना. ते चौदा वर्षे बोलले नाहीत.

मी येथे नोंदवितो की कडी ढिली झाली होती ती पावसाने, ढिली राहिली ती माझ्यामुळे, आणि झाकण तसे झाले तेही माझ्याच हट्टामुळे. हिंमतराव सर्वस्वी निर्दोष आहेत. त्यांस मी या पत्राने काहीही देत नाही. त्यांनी या पत्रास साक्षीदार व्हावे अशी माझी इच्छा आहे, आणि साक्षीदाराने लाभ घेऊ नये, हे एक कारण. दुसरे असे की, घेतलेले नाव परत करणे याला देणे म्हणत नाहीत.

कलम ७. पेटी कोणाची? स्वरदा बुलढाण्यास प्राणिशास्त्र शिकते. दिवाळीत ती म्हणाली, "आजोबा, बोलावणी येतातच. मी गेले नाही तर लोक काठी घेतात. मला पेटी द्या." सारिका आतून म्हणाली, "पेटी मागायची असेल तर आधी मला आई म्हणणं सोड."

चार दिवसांनी स्वरदाच्या स्कूटीच्या डिकीत मला एक बरणी दिसली. मिठाईच्या दुकानातली, प्लास्टिकची, झाकणाला तापल्या सुईने पाडलेली छिद्रे. म्हणजे ती जातच होती. आपण पेटी कुलुपात ठेवून तिला घरात ठेवले असे मी समजत होतो. ठेवली होती ती केवळ पेटी. बरणीचे झाकण मी फिरवून पाहिले. अर्ध्या आट्यात ते हातात आले.

पेटी द्यावी तर सारिकेचा दुसरा जीव त्याच लाकडावर ठेवावा लागतो. न द्यावी तर तो त्या बरणीच्या झाकणावर आहे. हा निर्णय माझा नाही. एकदा मी एकट्याने निर्णय केला होता. हे पत्र मी उद्या सारिकेस वाचून दाखवीन. ती नाही म्हणाली तर पेटी माझ्या चितेवर ठेवावी. येथे लेखणी थांबवितो.

*

पुढील मजकूर तिसऱ्या दिवशी लिहीत आहे.

सारिकेने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका त्या दिवशी दारातून परत गेले ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. मला वाटलं, काम झालं म्हणून गेले." आणि थोड्या वेळाने, "चौदा वर्षं मी त्या माणसासमोरून तोंड फिरवून गेले, बाबा." ती मला आणखी काही बोलली असती तर मला बरे वाटले असते. तिने माळ्याची किल्ली मागून घेतली.

आज सकाळी ती स्वतः हिंमतरावांकडे गेली व त्यांस घेऊन आली. वाकून नमस्कार केला. पेटी त्यांच्यासमोर ठेवली. कडीला तो दोरा अजून लोंबत होता. मी त्यांस कलम पाच व सहा वाचून दाखविले.

हिंमतराव म्हणाले, "तवा मी बोललो असतो तं लोकाईनं तुमाले बोल लावला असता. तुमचा पोरगा गेला होता. म्हनलं, राहू द्या माह्या माथ्यावर." मग पेटीवरून हात फिरवीत, माझ्याकडे न पाहता, "पन चौदा वर्स लय झाले, गुरुजी."

मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली असे म्हणाले नाहीत, आणि मी विचारले नाही.

सारिका स्वरदाला म्हणाली, "ती बरणी आण. आधी माझ्या हातात दे." बरणी तिने चुलीपाशी नेऊन पायाखाली चेचली. मग हिंमतरावांना म्हणाली, "काका, या पेटीचं झाकण तुम्ही पहिल्यांदा म्हणाला होतात तसं करा."

कलम ८. सबब सदर पेटी कु. स्वरदा आल्हाद देऊळकर हिला मिळावी. साप दुहेरी शिवणीच्या पिशवीत घालून मगच ती पिशवी पेटीत ठेवावी. हे तिचे म्हणणे आहे व ते माझ्या म्हणण्याहून बरोबर आहे. निघण्यापूर्वी पेटी उलटी धरून हलवावी. काही ढिले आढळल्यास त्याच घटकेस दुरुस्त करावे. तिथी, वार, ग्रहण, सोवळे, काहीही पाहू नये. त्यात दोष लागलाच तर तो माझ्या खात्यावर लागावा, अशी देवाजवळ माझी प्रार्थना आहे.

तो दोरा माझ्याबरोबर जाळावा.

हे पत्र मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खाली माझे नाव लिहीत आहे.

ठिकाण : अमडापूर
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५

(सही) नीळकंठ दत्तात्रय देऊळकर

साक्षीदार १. (सही) रुखमाबाई शेषराव इंगळे. साप माह्याच घरात निघाला होता. गुरुजीनं लिहिलं ते खरं हाय.

साक्षीदार २. (सही) हिंमतराव सखाराम पिंपळे. गुरुजीनं माह्यासमोर वाचून सही केली. पेटीचं जुनं झाकण काहाडलं, खाच पाडून सरकतं बसवून देलं. उलटी धरून हलवून पाह्यली, निघत नाही. आज पंचमी नाही. असती तरी बसवलं असतं.