पंखावरचं नाव

१ फेब्रुवारी १९५७
घारीनं मागे टाकलं! मी घरी बनवलेल्या छोट्या विमानाला! भाट्याच्या किनाऱ्यावर, सगळ्यांदेखत. दमयंती पदर तोंडाला लावून हसली — "घारीला शर्यत आहे हे कळलं तरी का?" दोस्त मजीदने बोटीवरच्या नोकरीवरून येताना इंजिन आणि विमान लांबून वळवायची रेडिओची पेटी आणलीन, ती काय हसं करून घ्यायला? आता वेग. फक्त वेग!

३ फेब्रुवारी
जाळं तरंगतं ठेवणाऱ्या बोयांचं पांगाऱ्याचं लाकूड — कसलं हलकं! पंख दोन्हीकडून वीतभर छाटले, काचेने तासून सुरीसारखे केले. चाकंही काढली. हातातूनच सोडायचं. मजीद म्हणतो, "सद्या, ह्या विमान हाय का मुळा?" भांडलो. प्रोफेसरांशी भांडून कॉलेज सोडलं, मजीदशी भांडून काय सोडू? संध्याकाळी त्याच्याकडेच चहा प्यायलो.

५ फेब्रुवारी
इंजिनाला रॉकेल आहे, एरंडेल आहे, ईथर संपलं. दमयंतीचे बाबा दवाखान्यात कंपाउंडर. तिने मागच्या खिडकीतून बाटली दिली. "हुंगू नका हं, आधीच शुद्धीत कमी असता!" मग खाली बघून — "रविवारी खेडचे लोक मला बघायला येताहेत."
मी काय बोललो? "झाकण घट्ट आहे ना?" गाढव!

७ फेब्रुवारी
लग्नाचं विचारायला जीभ उचलत नाही. होडीवर घालतात तसं पंखावर तांबड्या रंगात ठळक नाव घातलं — दमयंती. शनिवारी उडवताना वाचेल. समजेल.

९ फेब्रुवारी
काय सुटलं! घार कुठच्या कुठे! वळवायला बटण दाबतो तो विमान रेडिओच्या टप्प्याबाहेर. सरळ समुद्रावर. ठिपका. मग तोही नाही. आणि दमयंती आलीच नव्हती — पाहुण्यांची तयारी! मजीद म्हणाला, "वेग तर झाला रे!" हसलो. मग रडलो.

१० फेब्रुवारी, दुपार
मेलो! बाबल्या कोळ्याच्या जाळ्यात विमान लागलं. पांगारा तो, बुडतोय कसला! दर्यात मिळालेली वस्तू नाव असेल त्याच्या दारात पोचवायची — ही इथली रीत. कुणाकडून तरी नाव वाचून घेतलंन आणि ऐन पाहुण्यांसमोर नेऊन ठेवलंन! "दमयंतीबायचा हाय, घ्या!" खेडचे लोक पोहे तसेच टाकून उठले.

संध्याकाळ
तिचे बाबा आमच्या दारात. "ईथर माझं, अक्षर तुझं. मुलीला विचारतोय, तर ती नुसती हसतेय. जूनपासून कॉलेजात परत जायचं. आणि उद्या आईला घेऊन घरी ये."
विमान मागितलं. दिलं नाही. म्हणाले, "नाव आमच्या मुलीचं आहे."