शिक्षण उपकराच्या ठरावावरून

रविवार, १४ सप्टेंबर. मुलुंड

सोसायटीच्या सभेत आज मारामारी झाली. सेक्रेटरी म्हणून ठराव मीच लिहिला होता: पंच्याहत्तरीपुढच्या घरमालकांच्या वाट्याचा, मालमत्ता करातला शिक्षण उपकर बाकीच्यांनी वाटून घ्यावा. मागणी तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळेकाकांची. पेन्शन पुरत नाही त्यांना.

तळमजल्यावरचा प्रशांत म्हणाला, "तुमची पोरं म्युनिसिपालटीच्या शाळेत फुकट शिकली ना काका? आता आमच्या पोरांच्या वेळी हात वर?"

"फुकट? चाळीस वर्षं भरलाय उपकर. तुझ्या बापाने तरी भरला का रे?"

प्रशांत अंगावर आला, काकांनी काठी उगारली. मी धावले आणि काकांची दोन्ही मनगटं धरली. प्रशांतची का नाही धरली? काका म्हातारे म्हणून सोपे वाटले? ठोसा सरळ त्यांच्या तोंडावर बसला. कवळी तुटून रक्तासकट सतरंजीवर पडली. ते हात सोडवून घेत होते, ते मला कळत होतं. दुसरा ठोसा बसला तेव्हाही मनगटं माझ्याच मुठीत.

दवाखान्यातून परतल्यावर काकू म्हणाल्या, "तू मध्ये पडलीस म्हणून वाचले गं हे."

मी मान डोलावली. घरी आले, चहा ठेवला, पण पिववेना. परत वर गेले आणि दारातच सांगितलं, काकांचे हात मी धरले होते.

काकू म्हणाल्या, "येताना रिक्षातच सांगितलं ह्यांनी मला. उद्या पोलीस चौकीत पण असंच सांग."